तुळईला बाक आला तर: धाब्याच्या घराला पुन्हा आधार कसा द्यायचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या जुन्या गावठाणात अजून पुष्कळ धाब्याची घरं उभी आहेत. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यावर किलचणं (बारीक काटक्या-फळकुटं) आणि पाल्याचा थर, आणि सगळ्यात वर माती. हे सपाट मातीचं छत म्हणजेच धाबं. अशा घरात तुळई वाकलेली दिसली की बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते खाली जॅक लावून तिला वर ढकलणं. पण सुरुवात त्याने कधीच करायची नसते, आणि कधीकधी ते करायचंच नसतं. आधी वरचं ओझं उतरवायचं, मग तात्पुरता आधार द्यायचा, मग उचलायचं तर जमेल तेवढंच, आणि शेवटी कायमचा आधार भक्कमपणे उभा करायचा.

तुळईवर ओझं किती असतं, ते आधी मांडून बघा. खांबापासून खांबापर्यंत १० फूट आणि शेजारची तुळई ५ फुटांवर, म्हणजे एका तुळईच्या वाट्याला ५० चौरस फूट धाबं येतं. माती ९ इंच जाड असेल तर ती साडेसदतीस घनफूट झाली. दाबून बसलेली कोरडी माती घनफुटाला साधारण ४५ किलो भरते, म्हणजे नुसती माती सतराशे किलोंच्या आसपास. त्यात लाकडाचं वजन आणि पावसात मुरलेलं पाणी धरा, की दोन टन होतात. ६ इंच रुंद आणि ८ इंच उंच अशी निरोगी सागवानी तुळई १० फुटांच्या गाळ्यात (दोन आधारांमधल्या अंतरात) हे दोन टन पेलते. इतक्या वर्षांत तिला मध्यभागी अर्ध्या इंचाचा बाक येणंही स्वाभाविक आहे. त्याला हात लावायची गरज नाही.

बाक इंचाच्या पुढे गेला असेल, किंवा गेल्या वर्षापेक्षा वाढला असेल, तर मात्र कारण शोधायलाच हवं. कारणं बहुतेक तीनच निघतात.

पहिलं कारण डोक्यावर असतं. दर उन्हाळ्यात गळती थांबवायला धाब्यावर नवी माती टाकली जाते, जुनी कुणी काढत नाही. पन्नास वर्षांत ६ इंचांची माती दीड फूट होते आणि तुळईवरचं ओझं तिप्पट होतं. अलीकडे मातीवरच २ इंच सिमेंट काँक्रीट ओतायची पद्धत निघाली आहे. त्याने एका तुळईवर साडेपाचशे किलोंच्या वर वजन वाढतं, आणि काँक्रीटला तडे गेले की गळती आहे तिथेच राहते. जाडी मोजायची तर धाब्याच्या मध्ये आणि दोन्ही टोकांना लोखंडी गज पाल्याच्या थरापर्यंत हलक्या हाताने घालून बघा. माळ्यावर किंवा माडीवर कापूस, धान्य, जुनी अवजारं भरून ठेवली असतील तर तेही या हिशेबात धरा.

दुसरं कारण लाकडात असतं. उधई, म्हणजे वाळवी, बाहेरचा पापुद्रा शाबूत ठेवून आतून पोखरते, म्हणून नुसतं बघून कळत नाही. हातोडीच्या दांड्याने तुळई टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. भरीव आवाज मध्येच पोकळ झाला की तिथे दाभण टोचा. निरोगी सागात दाभण मोठ्या जोरानेही फार आत जात नाही, सडक्या लाकडात इंचभर सहज जातं. शंका राहिली तर ६ मिमी ड्रिलने बाजूने भोक पाडून भुसा बघा. सोनेरी-तपकिरी, कोरडा आणि सागाचा वास असलेला भुसा चांगला. काळपट, ओला किंवा मातीमिश्रित आला तर लाकूड गेलं. सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते भिंतीत गेलेल्या टोकाकडे. धाब्याचं पाणी भिंतीत मुरतं तिथेच टोक वर्षानुवर्षं ओलं राहतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तिथली माती थोडी उकरून टोक उघडं करून बघावंच.

किती लाकूड गेलं याचा परिणाम वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. ८ इंच उंचीच्या तुळईचे खालचे २ इंच पोखरले गेले, तर उंची पाऊणपट राहते, पण ताकद निम्म्याहून थोडीच जास्त उरते आणि वाकण्याला होणारा विरोध निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून ‘थोडंच खाल्लंय’ यावर समाधान मानू नये.

तिसरं कारण पायाशी असतं, आणि खानदेशात ते फार वेळा सापडतं. खांब तळखड्यावरून (खालच्या बैठकीच्या दगडावरून) सरकलेला असतो, त्याचा बुंधा उधईने किंवा न्हाणीच्या पाण्याने कुजलेला असतो, किंवा तळखडाच खाली बसलेला असतो. तापी-गिरणेच्या काठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ टेकवलेला दगड दरवर्षी थोडा हलतो. हे ओळखायला पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. तुळईच्या दोन्ही टोकांची आणि मध्याची उंची मोजा. एक टोक दुसऱ्यापेक्षा खाली असेल तर खांब बसलाय. दोन्ही टोकं सारखी आणि मध्य खाली असेल तर दोष तुळईत किंवा ओझ्यात आहे. मग टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणून मध्यावरचं अंतर भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. वाढत असलेला बाक आणि थांबलेला बाक यांचे उपाय वेगळे आहेत.

पुढची लक्षणं दिसली तर मोजमाप करत बसू नका, खोली रिकामी करा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा: तुळईच्या पोटाला आडवी चीर, रात्री कडकड आवाज, कड्यांमधून एकाएकी माती गळायला लागणं, तुळईचं टोक भिंतीतून इंचभर बाहेर आलेलं, किंवा भिंतीला पोट सुटलेलं. घराला माडी असेल, गाळा १२ फुटांपेक्षा मोठा असेल, किंवा तुळईवर भिंत उभी असेल तरीही इंजिनीअर हवाच. सामायिक भिंतीत तुळई गेली असेल तर शेजाऱ्याला आधी सांगा. त्याच भिंतीत पलीकडून त्याचीही तुळई टेकलेली असते, आणि तुमच्या बाजूने भिंत उकरली तर त्याची बैठक हलते.

हे काम दिवाळीनंतर धरावं आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत संपवावं. तेव्हा माती कोरडी, म्हणजे हलकी असते, पाया खणायला जमीन बरी असते, आणि धाबं उघडं केलं तरी चिंता नसते. पावसाळ्यात तुळई खचायला लागली तर फक्त टेकू लावून ठेवा. बाकीचं काम थांबू द्या.

ओझं उतरवताना एका कोपऱ्यातून सुरुवात करून सगळी माती त्याच बाजूने काढत जाऊ नये. वजन एकतर्फी झालं की खांब कलतात. मधल्या तुळईच्या दोन्ही बाजूंनी सारखी, एका वेळी दोन-तीन इंचांचा थर काढत जा. काढलेली माती धाब्याच्या दुसऱ्या भागावर ढीग करून ठेवू नका, घमेल्याने लगेच खाली उतरवा. धाब्यावर एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि त्यांनी भिंतीलगत ठेवलेल्या फळ्यांवरूनच चालावं. ४ इंच माती कमी केली की एका तुळईवरून साडेसातशे किलो उतरतात. पुष्कळदा एवढ्यानेच तुळई दोन-तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आपोआप वर येते.

आता तात्पुरता आधार. थेट तुळईखाली टेकू लावण्यापेक्षा तिच्या दोन्ही बाजूंना, दीड-दोन फूट अंतर सोडून, कड्यांखाली दोन रांगा लावाव्यात. मग तुळई मोकळी होते आणि तिच्यावर काम करायला जागा मिळते. सेंटरिंगवाल्यांकडे स्क्रूचे लोखंडी प्रॉप भाड्याने मिळतात. १० फुटांच्या तुळईला एका रांगेत ४, म्हणजे ८ प्रॉप लागतील. प्रत्येक रांगेवर ४×५ इंची सरळ लाकडाचा आडवा घ्यावा. कड्या जुन्या, कमी-जास्त जाडीच्या असतात, म्हणून आडवा आणि कडी यांच्यामध्ये जिथे फट राहील तिथे सागाच्या पाचरीची जोडी समोरासमोरून ठोका. प्रत्येक कडीला आडवा टेकलाय हे हाताने तपासा.

प्रॉपच्या खाली ९ इंच रुंद, २ इंच जाड फळी सलग टाकावी. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा शहाबादी फरशीवर प्रॉपची छोटी पट्टी थेट ठेवली तर जमिनीत रुतते, फरशी तडकते, आणि आधार दोन दिवसांत ढिला पडतो. त्याआधी जमीन पहारीने ठोकून बघा. जुन्या घरांत जमिनीखाली धान्याचं पेव असतं आणि चार पिढ्यांनंतर ते कुणाच्या लक्षातही नसतं. पोकळ आवाज आला तर आधी ते उघडून दगड-मुरुमाने थराथराने ठोकून भरा. माडीवरच्या तुळईला आधार द्यायचा असेल तर बरोबर त्याच जागेखाली तळमजल्यावरही प्रॉप लावावे लागतात. नाहीतर वरचं ओझं खालच्या कड्यांच्या मध्यावर येतं. प्रत्येक प्रॉप ओळंब्यात उभा हवा, आणि रांगेला तिरप्या पट्ट्या बांधून ती हलणार नाही असं करा. बाभळीचे ओले टेकू वापरू नका. उन्हाळ्यात ते आक्रसतात, ढिले होतात, आणि वर उधईला चढायला वाट देतात.

उचलायचं ठरवलं तर १० टनी बॉटल जॅक घ्या. वजन दोन टन असलं तरी मोठा जॅक हळू आणि ताब्यात चालतो. जॅकखाली आणि वर दोन्हीकडे ६×६ इंची, १० मिमी जाडीची लोखंडी पट्टी हवी. नाहीतर जॅकचं डोकं लाकडात घुसतं आणि तुळई उचलली जातेय असा भास होतो. सडलेल्या भागाखाली जॅक लावू नये. दिवसाला एका सुताहून जास्त उचलायचं नाही. पाव इंच झालं की दोन-तीन दिवस थांबा. जॅकचं तेल हळूहळू झिरपतं, त्यामुळे त्याच्यावर रात्रभर वजन सोडू नये. प्रत्येक उचलीनंतर शेजारचे प्रॉप फिरवून घट्ट करा आणि वजन त्यांच्यावर द्या.

वाकून पन्नास-साठ वर्षं त्याच आकारात राहिलेलं लाकूड पूर्ण सरळ होत नाही. बाकाचा तिसरा हिस्सा परत आला तरी पुष्कळ झालं. हट्टाने पुढे ढकललं तर कड्यांची टोकं शेजारच्या तुळईवरून सुटतात, दाराच्या चौकटी अडकतात, भिंतीला वरून तडे जातात, आणि धाब्यावरच्या मातीचा बसलेला थर फुटून जूनमध्ये नव्या ठिकाणी गळायला लागतं. भिंतीत केसाएवढी नवी चीर दिसली किंवा लाकूड करकरलं की त्या दिवशी तिथेच थांबा.

कायमच्या आधाराचे मुख्य मार्ग दोन. खोलीच्या मध्ये खांब चालत असेल तर तो सगळ्यात सोपा आणि खात्रीचा. १० फुटांचे दोन पाच-पाच फुटांचे गाळे होतात, आणि तुळईवरचा वाकवणारा ताण चौथाईवर येतो. पण या मधल्या खांबावर एकूण ओझ्याच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे सव्वा टन येतं, म्हणून त्याला खरा पाया हवा. एक गोष्ट आधी तपासा: मध्ये खांब आला की त्या जागी तुळईची वरची बाजू ताणली जाते. तिथे वरून लाकूड सडलेलं असेल किंवा सांधा असेल तर हा मार्ग सोडा.

पायासाठी अडीच फूट लांब-रुंद खड्डा घ्या. खोली काळी किंवा भुसभुशीत पांढरी माती संपून मुरूम लागेपर्यंत, कमीत कमी ३ फूट. ४ फुटांवरही मऊ मातीच असेल तर इंजिनीअरला विचारून पाया रुंद करा. जुनी भिंत जवळ असेल तर तिच्या पायाच्या खाली खणत जाऊ नका, तिची माती सुटते. तळ ठोकून ३ इंच दुबळं काँक्रीट टाका, त्यावर १० मिमी सळईची ६ इंच अंतराची जाळी ठेवा. जाळीखाली २ इंचांचे ठोकळे हवेत. मग १ फूट जाडीचं १:१.५:३ काँक्रीट. याला साधारण दीड पोतं सिमेंट, पावणेतीन घनफूट वाळू आणि साडेपाच घनफूट २० मिमी खडी लागते. त्यावर १×१ फुटाचा काँक्रीटचा खुंट जमिनीच्या ६ इंच वर येईपर्यंत चढवा, आणि त्यात १२ मिमीचे चार अँकर बोल्ट बसवून ठेवा. खुंटातही चार उभ्या सळया आणि त्यांना बांधणाऱ्या लोखंडी रिंगा टाकाव्यात. किमान ७ दिवस पाणी मारा. वजन १४ दिवसांनी द्या. घाईत तिसऱ्या दिवशी खांब उभा करणं हा ठरलेला घोळ आहे.

खांबाला ४ इंची मध्यम जाडीचा लोखंडी पाइप चालतो, खाली ८×८ इंची १० मिमी प्लेट आणि वर तुळईला धरणारी इंग्रजी यू आकाराची खोबण. घराचा चेहरा राखायचा असेल तर ५×५ इंची जुना सागाचा खांब घ्या, पण त्याचा बुंधा काँक्रीटमध्ये पुरू नका. लोखंडी बुटावर, जमिनीपासून वर ठेवा. काँक्रीटमध्ये पुरलेलं लाकूड ओल धरून आतून कुजतं. खांब आणि तुळई यांच्यामध्ये दोन-तीन सूत जागा ठेवून तिथे लोखंडी पातळ पट्ट्या घट्ट ठोका आणि मगच प्रॉप एकेक करून, दोन-तीन दिवसांत ढिले करा.

मध्ये खांब नको असेल तर तुळईच्या दोन्ही अंगांना लोखंडी चॅनेल (इंग्रजी सी आकाराचे लांब बार) लावून तिच्याकडचं ओझं लोखंडावर घ्यायचं. १० फुटांच्या गाळ्याला दोन टनांसाठी १२५ मिमीचे दोन चॅनेल पुरतात. मीटरला १३ किलोंच्या आसपास धरलं तर भिंतीतल्या टेकणीसह ३.३५ मीटरचे दोन मिळून ८७ किलो होतात. चॅनेलची सपाट पाठ लाकडाला, आणि खालची कड तुळईच्या पोटाच्या बरोबरीने. भोकं कारखान्यातच पाडून आणा, १६ मिमी बोल्टसाठी १८ मिमी, दीड-दीड फुटावर, वर-खाली नागमोडी. चॅनेल जागेवर धरून त्यांच्या भोकांतूनच लाकडात १७ मिमीचं भोक आरपार पाडा. टोकाचं भोक लाकडाच्या शेवटापासून ५ इंच तरी आत हवं, नाहीतर तिथून लाकूड उभं फाटतं. दर दोन फुटांवर तुळईच्या पोटाखालून ७५×८ मिमीची पट्टी दोन्ही चॅनेलना बोल्टने जोडा, म्हणजे तुळई नुसत्या बोल्टवर न लटकता पट्टीवर बसते. चॅनेल सरळ आणि तुळई वाकलेली, त्यामुळे पट्टी आणि लाकूड यांत फटी राहणारच. तिथे सागाच्या पातळ चिपा ठोकून भरा. एकही फट रिकामी राहिली तर ती पट्टी काम करत नाही.

जागेवर वेल्डिंग करू नका. पाला, जुनी जळमटं, कोरडा साग आणि घरात साठवलेला कापूस यांत एक ठिणगी पुरते, आणि पाल्याच्या थरात गेलेली आग तासाभराने दिसते. सगळं वेल्डिंग अंगणात करून, रेड ऑक्साइड लावून, आत फक्त बोल्ट आवळावेत.

चॅनेलची टोकं भिंतीत ६ इंच टेकली पाहिजेत. थेट मातीच्या भिंतीवर मात्र नाही. टनभर ओझ्याने ती चिरडते. १८ इंच लांब, ९ इंच रुंद, ६ इंच उंच काँक्रीटचा ठोकळा आधी ओतून, पिकवून, भिंतीत चुना-मातीत बसवा. तुळईचं टोक इथेच सडलेलं असेल तर चॅनेल चांगल्या लाकडात किमान तीन फूट पुढे गेलेले हवेत, आणि सडका भाग कापून टाकावा. टोकाच्या तिन्ही बाजूंना अर्धा इंच हवा खेळू द्या. सिमेंटने लिंपून बंद केलेलं टोक पुन्हा सडतं.

लाकूड पूर्ण गेलं असेल, म्हणजे दाभण कुठेही टोचलं तरी आत जात असेल, तर बोल्टला धरायला काहीच उरत नाही. तिथे तुळई बदलणं एवढाच मार्ग. दोन रांगांचे प्रॉप लागलेले असतात, त्यामुळे बदलणं वाटतं तितकं अवघड नसतं. उधईसाठी खांबाच्या मुळाशी आणि भिंतीच्या कडेने इमिडाक्लोप्रिडचं औषध डब्यावर दिलेल्या मात्रेने भोकांतून सोडा. आड, बोअरवेल आणि गुरांच्या पाण्याचं टाकं जवळ असेल तिथे ते वापरू नका.

धाबं परत भरताना माती ६ इंचांपेक्षा जाड नको. जुनी पांढरी, खारी माती चाळून वापरा, काळी माती अजिबात नको. ती उन्हात भेगाळते आणि पहिल्याच पावसाला पाणी आत घेते. पन्हाळीकडे १० फुटांत २ इंच उतार द्या, आणि पन्हाळ भिंतीच्या दीड फूट बाहेर काढा, म्हणजे पाणी भिंतीच्या मुळाशी पडणार नाही. वरून पत्रा टाकायचा असेल तर त्याची चौकट भिंतींवर टेकवा, तुळईवर नको. पापड-बिबड्या वाळवायला आणि उन्हाळ्यात झोपायला धाबं वापरायला हरकत नाही. विटांचे ढीग, पाण्याची टाकी आणि कापसाची गाठोडी मात्र वर चढवू नका. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन, आणि तेही एकाच जागी.

पहिल्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा दोरी ताणून मध्यावरचं अंतर त्याच खुणेपाशी लिहा. जुनं लाकूड पट्ट्यांवर बसताना दोन सुतांपर्यंत फरक पडतो, तेवढा चालतो. दिवाळीला सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, ढिल्या झालेल्या चिपा ठोका, आणि भिंतीतली टोकं ओली आहेत का ते हात लावून बघा. फरक दोन सुतांच्या पुढे गेला असेल तर प्रॉप परत लावा आणि पाया बसतोय का ते आधी तपासा.